वाचकांचे प्रश्न : हिप्नोबर्थिंग आणि नवऱ्याचे काम

प्रश्न : माझी पत्नी सात महिन्यांची गरोदर असून हे आमचे पहिलेच बाळ आहे. तिने मैत्रिणीच्या सांगण्यावरून हिप्नोबर्थिंगचा ऑनलाइन वर्ग लावला असून, नवऱ्यानेही रोज सोबत सराव करावा, असे त्यात सांगतात. मी साताऱ्यात नोकरीला आहे आणि डोहाळजेवण झाले की ती माहेरी, तासगावला जाईल. 'बाळंतपणात पुरुषाचे काय काम?' असे सासूबाई म्हणतात, आणि खरे सांगायचे तर रक्त पाहिले की मलाच घेरी येते. हा प्रकार नेमका काय आहे, त्याने वेदना खरेच कमी होतात का आणि मी नक्की काय करायचे?
– एक वाचक, गोडोली, सातारा

उत्तर : सहा वर्षांपूर्वी सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या घरी हेच प्रश्न मी स्वतःला विचारत होतो, त्यामुळे उत्तरात माझा अनुभव थोडा अधिक आला तर सांभाळून घ्या.

नावातल्या 'हिप्नो'मुळे आपल्याला गणेशोत्सवातले संमोहनाचे प्रयोग आठवतात, ज्यात स्टेजवरचा माणूस कच्चा बटाटा सफरचंद समजून खातो. येथे तसे काहीच नसते. स्त्री पूर्ण शुद्धीवर असते, बोलते, चालते; फक्त संथ श्वास, शरीर सैल सोडणे आणि मनात एखादे शांत दृश्य धरून ठेवणे यांची तिला इतकी सवय झालेली असते की कळ आली तरी ती दचकत नाही. भीतीने शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढतात आणि वेदनांनी पुन्हा भीती वाढते, असे ब्रिटिश प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मध्ये मांडले होते; त्याच विचारावर अमेरिकेतील मेरी मोंगन यांनी १९८९ मध्ये हिप्नोबर्थिंग या नावाने शिकवण्याची पद्धत बसवली.

वेदनांबद्दल मात्र वर्गातल्या जाहिरातीवर जाऊ नका. एकूण २,९५४ स्त्रियांचा समावेश असलेल्या नऊ चाचण्यांचा जो आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात संमोहनाचा सराव केलेल्या स्त्रियांनी वेदनाशामक औषधे काहीशी कमी घेतली असे दिसले, पण एपिड्युरल, म्हणजे कळा बधिर करण्यासाठी पाठीतून दिली जाणारी भूल, घेण्याच्या प्रमाणात स्पष्ट फरक आढळला नाही. इंग्लंडमधील ६८० स्त्रियांच्या चाचणीतही एपिड्युरलचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. मात्र बाळंतपणापूर्वी जेवढी भीती वाटत होती, त्या मानाने प्रत्यक्षात भीती आणि चिंता कमी वाटली, असे सराव केलेल्या स्त्रियांनी नंतर सांगितले. माझ्या मते हीच मिळकत पुरेशी आहे. 'वेदनारहित बाळंतपण' असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आता सरावाविषयी. रात्रीची जेवणे झाली की दिवा मंद करून आम्ही वीस मिनिटे बसत असू. नाकाने चार मोजेपर्यंत श्वास आत घ्यायचा आणि सात-आठ मोजेपर्यंत सावकाश सोडायचा; मोजणे माझे, श्वास तिचा. वर्गाने दिलेले ध्वनिमुद्रण इंग्रजीत होते आणि त्यातला समुद्रकिनारा आमच्या कामाचा नव्हता. शेवटी मी माझ्याच आवाजात मराठीत मुद्रण केले, आणि त्यात तिच्या लहानपणीचा, मावशीच्या गावचा माहुलीचा घाट घातला : कृष्णा-वेण्णेचा संगम, पायऱ्यांवरचे ऊन, पाण्यात सोडलेले पाय. पहिल्या दिवशी ती इतकी हसली की सराव तिथेच थांबला. वर्गाच्या सूचनेप्रमाणे 'कळ'ऐवजी 'लाट' म्हणून पाहिले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, कळेला कळच म्हणा, नाहीतर मला काय चाललंय ते कळायचंच नाही." शब्द तिने निवडायचे असतात, एवढे मी त्या दिवशी शिकलो.

प्रत्यक्ष त्या रात्री मला तिच्या उशाशी स्टुलावर बसू दिले होते. तुमच्या घेरीवरचा उपायही हाच : जागा उशाशी, नजर तिच्या चेहऱ्यावर आणि पोटात काहीतरी खाल्लेले. कळ सुरू झाली की तिच्या मनगटावर अंगठा टेकवायचा आणि हळू आवाजात मोजायचे, एवढेच माझे काम होते. तिचे खांदे कानांपर्यंत चढले की मी तळहाताने ते खाली दाबत असे, आणि खांदे उतरले की जबडाही आपोआप सैल पडत असे. सलग सात तास हे नीट चालले.

त्यानंतर बाळाचे ठोके मंदावू लागले आणि डॉक्टरांनी सिझेरियन सुचवले. येथे माझी चूक झाली. "पण वर्गात तर सांगितलं होतं की थोडं थांबावं," असे मी म्हणू लागलो आणि तिनेच माझा हात दाबला : "अहो, त्यांना त्यांचं काम करू द्या." पाठीच्या कण्यात भुलीचे इंजेक्शन देताना कळा चालू असूनही वाकून स्थिर बसावे लागते, आणि तेथे मला प्रवेश नव्हता, चार-आठची मोजणी तिने एकटीने केली. ती रात्र आठवली की मला माझ्या सात तासांपेक्षा तिची ती एकटीची मोजणी मोठी वाटते.

तेव्हा डॉक्टरांशी सल्लामसलत करून सराव अवश्य करा, पण त्याच्या जोरावर तपासण्या टाळू नका आणि घरी बाळंतपणाचा विचारही करू नका. रक्तस्राव, हिरवट पाणी जाणे, बाळाची हालचाल मंदावणे, तीव्र डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तर श्वास मोजत बसायचे नसते, १०८ ला फोन करून रुग्णालय गाठायचे असते.

राहिला प्रवेशाचा प्रश्न. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण असावी, असे केंद्र सरकारने २०१६ मध्ये सांगितले. ती स्त्री नातेवाईक, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी, आणि आडोशाची सोय असेल तेथे नवऱ्यालाही परवानगी देता येते. खासगी रुग्णालयांचे नियम वेगवेगळे असतात, म्हणून आठव्या महिन्यातच तासगावच्या डॉक्टरांना विचारून ठेवा. पहिलटकरणीच्या कळांना सुरुवातीला बराच वेळ लागतो, त्यामुळे साताऱ्याहून तुम्ही बहुधा वेळेत पोहोचाल. पण न पोहोचल्यास किंवा दाराबाहेर थांबावे लागल्यास आत सासूबाईच असतील. म्हणून हा सराव तुमच्याइतकाच त्यांनाही यायला हवा. त्यांच्याशी वाद घालू नका. रविवारी तासगावला गेलात की माजघरात, त्यांच्यासमोरच सरावाला बसा आणि मुद्दाम काही समजावू नका. माझ्या सासूबाई पहिले दोन दिवस लसूण सोलत लांबून पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी मला फोन आला म्हणून मी उठलो, तर परत येईपर्यंत मोजणी त्यांनीच चालू ठेवली होती.