बर्फात गाडी चढेल हो, पण रात्र कशी काढाल?

यावेळी बर्फाबद्दलचे प्रश्न बरेच आलेत, म्हणून पूर्ण सदर त्यालाच देतोय.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र अचलपूरचे. एकाची डिझेल थार जीप आहे, फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी. जानेवारीच्या शेवटी कापसाची वेचणी आटोपली की हिमाचलला जाऊन बर्फात गाडी चालवायची आन दोन रात्री तंबूत राहायचं म्हणतो. स्पितीला जाऊ का? टायर कोणते, टायरला गुंडाळायच्या लोखंडी चेन लागतात का? आमची गाडी पावसाळ्यात काळ्या मातीच्या गाऱ्यातून आरामात निघते, त्यामुळं बर्फाचं आम्हाले काही टेन्शन नाही.

उत्तर : भाऊ, सगळे प्रश्न गाडी चालवण्याचे विचारले, पण बर्फात माणसं जास्त करून गाडी थांबल्यावर अडचणीत येतात, रात्री. म्हणून मी चालवण्याचं थोडक्यात सांगतो आन थांबण्याचं जास्त.

आधी जागा. पहिल्याच वेळी स्पिती नको. मनालीकडून जाणारा कुंझुम घाट साडेचार हजार मीटरच्या वर आहे, हिवाळ्यात तो बंदच असतो, अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाला पण तो लाहौलपर्यंत नेतो, स्पितीला नाही. म्हणजे उरला शिमला-किन्नौरचा लांबचा रस्ता. स्पितीतलं मुख्य गाव काझा ३,६५० मीटरच्या आसपास, रात्री पारा उणे २० च्याही खाली जातो, आन तुम्ही येणार सपाटीवरून. डोकं दुखणं, मळमळ, झोप न येणं हे तिथं तब्येतीनं चांगल्या पोरांनाही होते. त्यापेक्षा शिमल्याच्या पुढच्या नारकंडाकडं जा, २,७०० मीटर, बर्फ पडला असला तर तिथंही भरपूर मिळतो. पहिली रात्र हॉटेलात काढा, दुसऱ्या दिवशी एखाद्या होमस्टेच्या अंगणात परवानगी घेऊन तंबू लावा, म्हणजे रात्री बिघडलं तर वीस पावलांवर पक्कं छत आहे. तीव्र उताराच्या खाली किंवा नाल्याच्या तोंडाशी तंबू लावायचा नाही, वरचा बर्फ तिथूनच खाली येतो. आन हे वीकेंडचं काम नाही, जाण्या-येण्यातच पाच दिवस धरा.

आता गाऱ्याचं. काळ्या मातीत टायर रुततं पण खाली कुठंतरी त्याला धर मिळतो. दाबला गेलेला बर्फ काचेसारखा होतो, तिथं टायरला काहीच सापडत नाही. फोर बाय फोर गाडी पुढं ढकलायला मदत करते, थांबवायला नाही, ब्रेक तुमचे तेच चार चाकांचे. उतारावर लो गिअर टाका आन ब्रेकवर पाय आपटू नका. आपल्याकडं मोठ्या खाचांच्या मड टायरची फार हौस आहे, पण निव्वळ बर्फाच्या थरावर ते सगळ्या रस्त्यांसाठीच्या साध्या ऑल टेरेन टायरपेक्षाही जास्त घसरतात. चेन घ्याच, आन घरीच, हातमोजे घालून, लावून-काढून पाहा, कारण तिथं बोटं चालत नाहीत. चेन लावल्यावर ताशी ३०-४० किलोमीटरच्या वर जायचं नाही आन मोकळं डांबर लागलं की काढायच्या. सकाळी डांबरावर न दिसणारा बर्फाचा पापुद्रा असतो, विशेषतः सावलीतल्या वळणावर, म्हणून ऊन चढल्यावर निघा आन चारच्या आत मुक्कामी पोचा. टायरमधली हवा पण तिथंच तपासा. तापमान साधारण पाच-सहा डिग्री उतरलं की हवेचा दाब एक पीएसआय (पंपावर हवा भरताना दिसतो तो आकडा) कमी होतो, म्हणजे इथल्या ३० डिग्रीत भरलेली हवा तिथल्या उणे १० मध्ये सहा-सात पीएसआयनं कमी दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आपल्या विदर्भातल्या गाडीला लागू आहे. मे महिन्यात ४५ डिग्रीत गाडी तापली की आपण काय करतो, हापशीवर थांबतो आन साधं पाणी रेडिएटरमध्ये ओततो. असं दोन-तीन उन्हाळे झाले की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं आन न गोठणारं द्रव, नावालाच उरतं. ते पाणी रात्री गोठलं की फुगते आन रेडिएटर, कधी इंजिनचा ब्लॉकसुद्धा फुटतो, आन हे गाडी उभी असताना, तुम्ही झोपेत असताना होते. निघायच्या आधी रेडिएटरमधलं सगळं पाणी निपटून काढा, गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच कूलंट भरा. ग्लायकॉल (कूलंटमधलं गोठू न देणारं रसायन) आन डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं असलं तर ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत गोठत नाही. गॅरेजवाल्याकडं ते मोजायचं छोटं यंत्र असते, त्यानं मोजूनच घ्या, रंग पाहून समजत नाही. काच धुवायच्या टाकीतलं साधं पाणी पण काढून टाका.

डिझेलचं तसंच आहे. थंडीत त्यातलं मेण वेगळं होते आन फिल्टर चोंदतो. इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं ते याचसाठी. खालच्या मैदानातलं डिझेल शक्यतो संपवत न्या आन टाकी डोंगरातल्या पंपावर भरा, तिथं हिवाळ्यासाठी कोणतं डिझेल आहे ते विचारून. कोणी म्हणेल थोडं रॉकेल टाका, नव्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) इंजिनात ते अजिबात टाकू नका, पंप आन इंजेक्टर जातात. बॅटरी तीन वर्षं जुनी असेल तर बदलूनच निघा, कडाक्याच्या थंडीत तिची ताकद जवळपास अर्धी राहते. रात्री गाडी वाऱ्याच्या आडोशाला, तोंड उगवतीकडं करून, सपाट जागी, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावून उभी करा. हँडब्रेक ओढायचा नाही, ब्रेकचे ओले लायनर गोठून चिकटतात.

तंबूतली थंडी वरून कमी आन खालून जास्त येते. चांगली स्लीपिंग बॅग घेतली पण खाली पातळ सतरंजी, तर रात्रभर पाठ आखडते. खाली बंद फोमची मॅट, एकावर एक दोन असल्या तर उत्तम. बॅगेवर तापमानाचे दोन आकडे असतात, त्यातला ‘कम्फर्ट’वाला (आरामात झोप येईल तो) पाहा, ‘लिमिट’वाला (कशीबशी रात्र निघेल तो) नाही. आन आपण कापूस पिकवणारे लोक असलो तरी अंगाला लागून सुती बनियन नको, घाम धरून ठेवते आन अंग गार पडते. आत लोकर किंवा सिंथेटिक, आन झोपताना दिवसभराचे मोजे बदलायचेच. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणून मग तोंडाकडचं पाणी मोकळं राहते. दारूनं ऊब येते हा गैरसमज आहे, उलट अंगातली उष्णता बाहेर जाते, ती घरीच ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा मित्रांसोबत गाडी घेऊन बर्फात कॅम्पिंगला चाललाय. मी म्हटलं कोळशाची छोटी सिगडी ने, तंबूत ऊब राहील. तो म्हणतो आम्ही गाडी सुरू ठेवून हीटरमध्ये झोपू. कोणाचं बरोबर? — एक आई, पुसद

उत्तर : ताई, दोन्ही नको, आन हे त्याला आज रात्रीच फोन करून सांगा. कोळसा बंद जागेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणसाला नुसतं जड वाटते, झोप येते आन तो उठत नाही. ‘धूर निघून गेला, आता नुसते निखारे आहेत’ असं म्हणतात ना, तेव्हाही तो निघतच असतो.

गाडीचं पण तेच. रात्री बर्फ पडून सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर आत येऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथं बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये २० हून जास्त लोक गेले, त्यातले काही या वायूनं गेले. गाडी कधी अडकलीच तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढायचा, मग दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद करायचं, एक काच बोटभर उघडी ठेवून. झोपताना इंजिन बंद म्हणजे बंद. तंबूत गॅसचा स्टोव्ह पण नको, स्वयंपाक बाहेर.

ऊब द्यायचीच असेल तर त्याच्या बॅगेत चांगली स्टीलची बाटली टाका, एकपदरी, थर्मासवाली नाही. झोपायच्या आधी गरम पाणी भरून, झाकण घट्ट लावून, लोकरीच्या मोज्यात घालून ती पायाशी घ्यायची, बराच वेळ ऊब राहते. सोबत तिळगूळ, शेंगदाण्याचे लाडू भरपूर द्या. झोपायच्या आधी असं काही खाल्लं की अंग आतून तापते.

प्रश्न : बर्फात जायच्या आधी सराव म्हणून आम्ही मेळघाटात रात्री जीप नेऊन तंबू ठोकावा म्हणतो, चालते का? — चार मित्र, दर्यापूर

उत्तर : नाही चालत. तो व्याघ्र प्रकल्प आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो, विनापरवाना शिरणं गुन्हा आहे आन रात्री गाडी नेणं तिथल्या जनावरांसाठी पण वाईट. सराव आपल्या शेतात करा. जागलीला जाणाऱ्या कोणालाही विचारा, डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडं थंडी काय असते, नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ पर्यंत उतरला होता. तशा एखाद्या रात्री बांधावर तंबू लावा, तिथं नेणार तेवढंच सामान वापरा, घरून जास्तीची गोधडी आणायची नाही. अंधारात हातमोजे घालून चेन बसवा, स्टोव्ह बाहेर वाऱ्यात पेटवून चहा करा. आपल्या शेतातच कोणी रात्रभर कुडकुडत राहिलं तर त्याची बॅग किंवा मॅट बदला, मगच तिकिटाचं, सुट्टीचं पाहा.