उरलेल्या लोकरीची रिबची टोपी: आधी जाडी जुळवा, रंग मग

ताई, निफाडला पहाटे द्राक्षबागेत जाणाऱ्या वडिलांसाठी उरलेल्या गुंड्यांतून टोपी करायची आहे, पण लोकर कुठे जाड कुठे बारीक, आणि आधीची टोपी सैल होऊन कानावरून वर सरकते, असं तुम्ही लिहिलंय.

रंगांची चिंता सोडा, जाडी बघा. जाड लोकर एकेरी घ्या, चारपदरी बारीक असेल ती दुहेरी. दोन्हींना पीळ देऊन चिमटीत धरलं की सारखीच लागली पाहिजे. राखाडी किंवा काळा बारीक गुंडा बराच उरला असेल तर प्रत्येक बारीक रंगाच्या जोडीला तोच चालवा; भडक गुलाबीसुद्धा निवतो. सगळं मिळून १०० ग्रॅमच्या आसपास भरलं की पुरे.

लोकर खरी की ॲक्रिलिक, शंका असेल तर छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो, राख बोटांत चुरते. ॲक्रिलिक वितळून कडक मणी होतो. दोन्ही मिसळली असतील तर टोपी गार पाण्यातच धुवा, नाहीतर खरी लोकर तेवढी आटते.

सैलपणा बहुतेक सुयांमुळे. रिबला, म्हणजे सुलट-उलट टाक्यांच्या ताणणाऱ्या विणीला, ९ नंबरच्या घ्या (नंबर वाढला की सुई बारीक, हे ध्यानात ठेवा). १०२ टाके घाला. दोन सुलट, दोन उलट, शेवटी दोन सुलट. मागच्या ओळीत दिसतील तसे विणा. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका आत जातो आणि उरलेल्या दोघांची अखंड सुलट रेघ होते, म्हणून ते जास्तीचे दोन टाके.

पहिले ६ सेंटीमीटर बाहेर दुमडायचे. कानाला ऊब मिळते ती या दुहेरी थराची. हा भाग एकाच रंगात ठेवा. रंग बदलला की मागच्या बाजूला जुन्या रंगाचे ठिपके पडतात आणि घडीत नेमकी तीच बाजू समोर येते. त्याच्या वर हवे तेवढे रंग घ्या, फक्त नव्या रंगाची पहिली ओळ पुढच्या बाजूने सबंध सुलट विणा, मग पुन्हा रिब.

गुंडा संपत आला की उरलेल्या धाग्याच्या मध्यावर सैल सरकगाठ मारा. ओळ पुरी व्हायच्या आत गाठ हातात आली, तर दुसऱ्या ओळीला लोकर पुरणार नाही.

सुरुवातीपासून २५ सेंटीमीटरला घट, म्हणजे टाके कमी करणं, सुरू करा. पुढच्या बाजूने उलट टाक्यांच्या जोड्या एकत्र विणा, ७७ उरतील. तीन ओळी साध्या, मग सुलट जोड्या एकत्र, ५१. एक ओळ साधी, पुढच्यात दोन-दोन एकत्र. धागा लांब तोडून उरलेल्या टाक्यांतून ओवा, घट्ट ओढा आणि त्याच धाग्याने शिवत खाली या. घडीचे ६ सेंटीमीटर मात्र उलट बाजूने शिवा.

गोंडा नको. बागेत तो तारांत अडकेल, आणि वडील घालतील असंही वाटत नाही.