वाचकांचे प्रश्न : जुन्या लेथबरोबर आलेली हत्यारं

प्रश्न (इस्लामपूर) : लाकूड कातायचं वापरलेलं लेथ मशीन घेतलं. सोबत गोणीत बारा हत्यारं आली. सुतारकामाच्या पटाश्या ओळखतो, पण ही वेगळी आहेत. एक रुंद, पन्हळीसारखं. दोन गोल सळईत खाच असलेली. दोन तिरक्या तोंडाची. एक पातळ, मध्ये फुगीर. तीन जाड पट्ट्या. दोन फणीसारखी. एकाच्या टोकाला कडी. कोणतं कशासाठी? सगळ्यांना धार लावून घेऊ का?

उत्तर : धार आत्ता लावू नका. आधीच्या कातार्‍याने दिलेला धारेचा उतार हीच तुमच्याकडची सगळ्यात खरी खूण आहे. ग्राइंडरवर नेलंत की ती गेली. रॉकेल आणि तारेच्या ब्रशने गंज काढा, मुठींवर मार्करने आकडे टाका आणि प्रत्येक हत्यार उजेडात धरून तीन गोष्टी बघा : सळईचा छेद कसा आहे, उतार एका बाजूला आहे की दोन्ही, आणि मुठीत शिरणारा भाग जाड आहे की बारीक.

सुरुवात रुंद पन्हळीपासून करा, कारण बारांत सर्वांत जास्त इजा करू शकणारं हत्यार तेच आहे. ते रफिंग गाऊज. चौकोनी लाकडाचे कोपरे उडवून त्याचा गोल दांडा करायला ते वापरतात. टेबलाचे पाय, लाटणी, जिन्याचे कठडे यांत लाकडाचे तंतू लेथच्या लांबीला समांतर असतात, तिथे ते सुरेख चालतं. पण मुठीपाशी बघा : रुंद पातं अचानक निमुळतं होऊन चपटी शेपटी होते आणि तीच मुठीत जाते. वाडगा कातताना तंतू आडवे असतात. प्रत्येक फेर्‍यात पातं दोनदा तंतूंच्या कापलेल्या टोकांवर येतं, शिवाय टूल रेस्टपासून, म्हणजे हत्यार टेकवायच्या आधारापासून, बरंच पुढे गेलेलं असतं. अशा वेळी ते अडकलं तर सगळा झटका त्या शेपटीवर येतो. ती वाकते किंवा तुटते आणि पातं उडतं. या मुठीवर लाल रंगाने ‘वाडग्याला नाही’ असं लिहून ठेवा. ही खबरदारी जास्तीची नाही.

वाडग्यासाठी गोल सळईची हत्यारं असतात, पण तुमच्या दोन्ही बहुधा एका जातीच्या नसतील. खाच खोल, इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारखी आणि तोंड 45 ते 60 अंशांचं बोथट दिसलं, तर ते बोल गाऊज. यात सळई त्याच जाडीने मुठीत जाते, म्हणून ते झटका सोसतं. खाच उथळ आणि तोंड नखासारखं लांबट, 35 ते 40 अंशांचं असेल, तर ते स्पिंडल गाऊज. त्याने दांड्यावर मणी (गोल उंचवटे) आणि खोबणी (गोल खळगे) काढतात.

तिरक्या तोंडाच्या दोघांना दोन्ही बाजूंनी उतार आहे का, ते बोटाने चाचपा. दोन्हीकडे असेल तर ती स्क्यू पटाशी. तिने कातलेल्या लाकडाला सँडपेपर जवळपास लागत नाही, पण नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त अडकते ती हीच. धारेच्या मधल्या, खालच्या टोकाकडच्या भागानेच कापायचं. वरचं लांब टोक लाकडाला टेकलं की ते आत खेचलं जातं आणि नक्षीवर मळसूत्रासारखा ओरखडा उठतो. उतार एकाच बाजूला असेल तर ते तिरकं स्क्रेपर आहे, त्याचं काम निराळं.

पातळ, मध्ये फुगीर ते पार्टिंग टूल, लाकूड छाटून वेगळं करायचं. फुगवटा मुद्दाम असतो, म्हणजे पात्याच्या कडा चरीच्या भिंतींना घासत नाहीत. धार लावताना टोक बरोबर त्या फुगवट्यावर आलं पाहिजे. ते मागेपुढे गेलं तर चर पात्यापेक्षा अरुंद होते, पातं चिमटतं, तापतं आणि उसळतं. खोल छाटायचं असेल तेव्हा चर थोडी बाजूला रुंद करत जा.

जाड पट्ट्या म्हणजे स्क्रेपर. उतार एकाच बाजूला, 70 ते 80 अंश. यांची कापणारी धार म्हणजे काठावर उठलेली बारीक कडा, जिला कारखान्यात बर म्हणतात. अंगठा काठाच्या दिशेने फिरवू नका. पट्टीच्या वरच्या बाजूवरून काठाकडे आडवा, हलका ओढा, बर खरखरीत लागेल. गुळगुळीत लागलं तर ग्राइंडरवर एक हलका हात पुरतो. वापरताना मूठ थोडी वर आणि टोक खाली झुकलेलं ठेवा. उलट धरलंत तर टोक लाकडात घुसतं.

या तीन पट्ट्यांवर जाळीसारख्या बारीक रेघा दिसतात का, ते नीट बघा. दिसल्या तर ती जुनी कानस घासून बनवलेली आहे. कानशीचं पोलाद फार कडक आणि ठिसूळ असतं. स्क्रेपर अडकलं की ते काचेसारखं तुकडे होऊन उडू शकतं. अशी पट्टी बाजूला ठेवा.

कोणतं पोलाद आहे, हे ठिणग्या सांगतात. आधी मुठीजवळ ‘एचएसएस’ किंवा ‘एम2’ असा ठसा शोधा; दोन्ही हायस्पीड स्टीलच्या, म्हणजे तापूनही कडक राहणाऱ्या पोलादाच्या खुणा. नसेल तर डोळ्यांवर गॉगल लावून मुठीकडची कडा ग्राइंडरला क्षणभर टेकवा, धार नाही. लांब, पिवळसर-पांढर्‍या, टोकाला फुलबाजीसारख्या फुटणार्‍या ठिणग्या म्हणजे साधं कार्बन पोलाद. आखूड, लालसर-नारिंगी, न फुटणार्‍या म्हणजे हायस्पीड स्टील. कार्बन पोलादाला धार लावताना दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. धार निळी पडली की तिचा कडकपणा गेला. निळा भाग पूर्ण घासून काढावा लागतो. हायस्पीड स्टील निळं पडलं तरी बिघडत नाही, पण तापलेलं गार पाण्यात बुडवू नका, बारीक चिरा जातात.

दोन फण्या म्हणजे लाकडात आटे पाडायची जोडी. एकीचे दात टोकाला, ती बाहेरच्या आट्यांसाठी. दुसरीचे बाजूला, ती झाकणाच्या आतल्या आट्यांसाठी. मोजपट्टीवर एका इंचात किती दात बसतात ते मोजा. दोन्हींचा आकडा एकच हवा, नाहीतर झाकण डबीवर चढणार नाही. लेथ अगदी सावकाश फिरवा आणि लाकूड घट्ट, बारीक पोताचं घ्या, शिसवीसारखं. सागात आटे भुगा होऊन पडतात. कडीचं हत्यार लेथच्या लांबीला समांतर तंतूंची डबी आतून पोखरायला असतं. मध्यापासून बाहेर ओढत पातळ ढलपी काढायची.

प्रश्न (नाशिक रोड) : जुन्या लेथसोबत निमुळत्या दांड्याचे सुटे भाग आले. आमच्या मशीनला बसतात का, हे न ठोकता कसं कळेल?

उत्तर : निमुळत्या भागाच्या जाड टोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. निमुळतेपणाच्या ठरलेल्या मापांना मोर्स टेपर म्हणतात. सुमारे 12.1 मिमी म्हणजे मोर्स टेपर नंबर 1, 17.8 म्हणजे नंबर 2, 23.8 म्हणजे नंबर 3. हेडस्टॉक (लाकूड फिरवणारं टोक) आणि टेलस्टॉक (समोरचं आधाराचं टोक), दोन्हीकडची भोकं तपासा. ती नेहमी सारखी नसतात. बसवण्याआधी भोक आणि दांडा कोरड्या कापडाने पुसा. तेल किंवा भुसा राहिला तर भाग आत फिरतो आणि दोन्हींवर कायमचे ओरखडे पडतात. गठ्ठ्यात धार नसलेला लांब गज असेल तर तो फेकू नका. हेडस्टॉकच्या मागून घालून अडकलेला सेंटर (लाकूड धरणारा टोकदार भाग) त्यानेच बाहेर ठोकतात.

प्रश्न (कणकवली) : हत्यारांच्या पेटीत लाल आणि पिवळ्या रंगाच्या, मेणासारख्या कडक कांड्या सापडल्या. या कशाच्या?

उत्तर : बहुधा लाखेच्या. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर असाच लाखेचा रंग चढतो. खात्रीसाठी कांडीच्या कोपर्‍यावर स्पिरिटचा थेंब टाकून काही मिनिटं थांबा. चिकट झाली तर लाख. मेणाला स्पिरिटने काही होत नाही. वापरताना गुळगुळीत कातलेलं, पूर्ण सुकलेलं लाकूड वेगाने फिरवा आणि कांडी जोर देऊन टेकवा. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. मग केवड्याच्या पानाची घडी दाबून ती सगळीकडे सारखी पसरवा. लाख ठिपक्यांत बसत असेल तर वेग किंवा दाब कमी पडतोय. सोलून निघत असेल तर लाकूड ओलं आहे.