मुंबई बघायला जाऊ नकोस

प्रिय पोरी,

परवा तू म्हणालीस, "काका, मुंबईची मैत्रीण ये म्हणते, पण शनिवारी तिला कामावर जायचंय. म्हणजे मनातून नकोच असेल ना?" आणि मग मोबाइलमधली यादी दाखवलीस. गेटवे, सिद्धिविनायक, राणीची बाग, मरीन ड्राइव्ह. तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून लिहायला बसलो.

ती यादी पुसून टाक. तू मुंबई बघायला जाऊ नकोस, मैत्रिणीकडे जा. गेटवे १९२४ पासून तिथंच आहे, पुढच्या वर्षीही असेल. ती मात्र डोंबिवलीच्या त्या खोलीत असेलच असं नाही, भाड्याचे करार अकरा महिन्यांचे असतात. आणि कामाचा शनिवार असूनही जी ये म्हणते, तिला तू हवी आहेस. हे तुला मी सांगायला हवं?

कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली, माझी गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. रात्रभर एसटीत हाडं खिळखिळी करून लालबागला पोचलो. मित्र गिरणीत होता, गावकीच्या खोलीत राहायचा. गावाच्या नावावर एकच खोली. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला एक खुंटी. एका पाळीचे उठून गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच जागेवर आडवे व्हायचे, म्हणून तर एवढी माणसं मावायची. गावी येणाऱ्या पत्रांत मात्र कायम "मी मजेत आहे". त्याची रात्रपाळी होती. खाडा करतो म्हणाला, मी करू दिला नाही. तो कामावर गेला, मी त्याच्या जागेवर झोपलो. सकाळी तो केसांत कापूस घेऊन आला, तेव्हा उठून त्याला जागा करून दिली. दुपारी त्याच्या खानावळीत जेवलो, संध्याकाळभर कठड्याला टेकून बोलत राहिलो. समुद्र बघितला नाही. समुद्र इथं रत्नागिरीत मिऱ्याला आहे की! माणूस तिथं होता.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तोही गावी आला तो आलाच. वाडीतले तोंडावर विचारायचे, "एवढी वर्षं मुंबईत राहून काय कमावलंस?" तो गप्प बसायचा. उत्तर मी द्यायचो, कारण ती पेटी आणि ती खुंटी मी पाहिली होती. पुन्हा एकदा त्याच्याकडे जायचं फार मनात होतं, पण जायला ती खोलीच उरली नाही. ती खंत आहे. घरचे अजून म्हणतात, मुंबईला जाऊन तुम्ही काहीच बघितलं नाही. म्हणू देत. मी मित्राकडे गेलो होतो, आणि आजही तसाच जाईन.

तर तूही तशीच जा. ती जगते तसे दोन दिवस जग. शुक्रवारी रात्री कोकणकन्या एक्स्प्रेसने निघ, पहाटे ठाण्याला उतरून कल्याणकडची लोकल धर. शनिवारी तिच्याबरोबर स्टेशनवर जा. बायकांच्या डब्यात ती बसलेल्यांना "कुठं उतरणार?" विचारत जागा कशी मिळवते ते बघ. तिच्या ऑफिसच्या दारापर्यंत सोबत कर. मग परत येऊन तिच्या खोलीत स्वयंपाक कर. सोडे, सुकट नेऊ नकोस, खोलीत आणखी तीन मुली आहेत आणि वासावरून घरमालकीण तुझ्या मैत्रिणीलाच बोलेल. कुळथाची पिठी ने, आमसुलं ने. ती रात्री दहाला दमून आली तरी पिठलं-भात पटकन होतो. तू परत आल्यावरही तिला ती पिठी पुरेल.

फोटो काढायचे तर तिच्या खोलीत काढ. आणि ती "तुला कुठंच नेता आलं नाही गं" म्हणत ओशाळेल, तेव्हा तिथंच तिला थांबव. तू तिच्याकडे आली आहेस, हे तिला स्पष्ट शब्दांत सांग. मनातल्या मनात ठेवू नकोस, तुला ती सवय आहे.

आईला ओझं होण्याची काळजी वाटते, तिच्याशी मी बोलतो. तू आज मैत्रिणीला फोन करून तारीख ठरव. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि शुक्रवार-रविवारच्या गाड्या लगेच भरतात. येतानाचं तिकीट रविवारच्या रात्रीचंच काढ, दुपारच्या गाडीचं नको.

तुझा,
काका