मधमाश्यांवर संशोधन आणि विज्ञानप्रसार, दोन्ही एकत्र जमतं का?

मुलगी साताऱ्यात प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करतेय, मधमाश्यांवर संशोधन करून ते लोकांपर्यंतही न्यायचंय, जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जमतं. मी हेच करते, आणि माझ्या मते ही दोन कामं वेगळी काढूच नयेत.

शिक्षणाची वाट सरळ आहे. प्राणिशास्त्र किंवा कृषी कीटकशास्त्रात एम.एस्सी., नेट, मग पीएच.डी. मात्र त्याआधी तिनं महाबळेश्वरचं मध संचालनालय पाहावं, देशातलं पहिलं मधाचं गाव ठरलेल्या मांघरला जावं आणि सातेरी या देशी मधमाशीची पेटी उघडताना मधपाळाशेजारी उभं राहावं. पुस्तकांत बहुतेक मेलिफेरा ही युरोपीय मधमाशी भेटते. आपल्या डोंगरातली माशी सातेरी आहे.

संशोधनाचे प्रश्न लोकच देतात. आटपाडी-जतकडे डाळिंबवाले हमखास विचारतात, "मॅडम, पेट्या ठेवल्या तर सेटिंग वाढेल का?" उत्तर शोधायचं तर काही कळ्या उमलण्याआधी जाळीच्या पिशवीत बांधायच्या, काही मोकळ्या ठेवायच्या आणि फळधारणा ताडून बघायची. त्यातही मादी कळ्याच मोजायच्या, कारण नर कळीला फळ धरतच नाही. हे शेतकऱ्याला आधीपासून ठाऊक असतं, म्हणून प्रयोग त्याच्याशी बोलून आखला की चांगला होतो. बहारात सकाळी औषध का मारू नये, हेही त्याच बोलण्यात सांगून होतं.

शाळेच्या टाकीखाली आग्या मोहोळ बसलं की लोक जाळायला निघतात. तिथं शास्त्रज्ञानं जायलाच हवं. आग्या पेटीत राहत नाही, उघड्यावर एकच मोठं पोळं बांधते आणि हंगाम सरला की स्वतःहून निघून जाते. तोवर खालची वाट बंद ठेवायची, दगड मारायचा नाही, धूर करायचा नाही. एवढं कळलं तरी पुष्कळ मोहोळं वाचतात.

मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं, पण सामान्य वाचकांसाठी मधमाश्यांवरचं पुस्तक त्यांनी १९२७ सालीच लिहिलं होतं. तेव्हा मुलीला सांगा, पीएच.डी.ची वाट बघू नकोस. कॉलेजच्या आवारात कोणत्या फुलावर कोणती माशी किती वाजता येते याची वही आजपासून ठेव, आणि महिनाभरानं ती जवळच्या शाळेतल्या सातवीच्या वर्गाला मराठीत समजावून दे. मुलं जे विचारतील आणि तिला सांगता येणार नाही, ते वहीत लिहून ठेवायचं. पुढे प्रबंधाला विषय लागतोच.