उसाच्या फडात ट्रक घातला आणि पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटले, खर्च ड्रायव्हरनं भरायचा का?

आधी हे बघ भावा, गाडी फडात घाल म्हणून सांगितलं कुणी? गाडीमालकानंच सांगितलं असेल तर खर्च मालकाचा, पगारातनं कापायचा काय संबंध नाही. अथणी-चिकोडीकडची काळी माती वरनं वाळलेली दिसते पण आत चिखल असतोय, भरलेल्या गाडीचं मागचं चाक रुतलं आणि ट्रॅक्टरनं तिरकं ओढलं की मेन पाटा, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट जातोयच, त्यात ड्रायव्हरची चूक कुठं आली? नको म्हटल्यावरही स्वतःहून घातली असेल तर गोष्ट वेगळी, तरीपण बाजू ऐकून घेतल्याशिवाय कायद्यानं पगार कापता येत नाही. गाडी ड्रायव्हरशिवाय भाड्यानं घेतलेली असली तर १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५४ बघा, ठरलेलं सोडून वापरली की भरपाई गाडी भाड्यानं घेणाऱ्यावर.