चंद्र लांब चाललाय, मग फोबोस जवळ का येतोय?

प्रश्न : आपला चंद्र दरवर्षी थोडा थोडा लांब जातोय असं वाचलं, आणि मंगळाचा चंद्र फोबोस म्हणे उलट मंगळाकडे येतोय. गुरुत्वाकर्षण तर एकच ना, मग हे उलटसुलट कसं? आणि चंद्र एक दिवस निसटून जाणार का?

उत्तर : दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि कारणही एकच आहे. ग्रहाची स्वतःभोवतीची गिरकी आधी पूर्ण होते की चंद्राची फेरी, एवढ्यावर सगळं ठरतं.

चंद्राच्या ओढीने समुद्राला भरती येते, म्हणजे पृथ्वीला चंद्राच्या बाजूला आणि त्याच्या विरुद्ध बाजूला असे दोन फुगवटे येतात. आता पृथ्वीची गिरकी २४ तासांची आणि चंद्राची फेरी २७.३ दिवसांची, त्यामुळे पृथ्वी फिरता फिरता फुगवट्याला पण सोबत घेऊन जाते आणि तो चंद्राच्या बरोबर खाली न राहता जरासा पुढे असतो, आणि तिथून चंद्राला सारखा पुढच्या दिशेने खेचत राहतो. याने चंद्राला ऊर्जा मिळते आणि तो मोठ्या कक्षेत सरकतो. तिथे गेल्यावर त्याचा वेग मात्र वाढत नाही, कमीच होतो, इथे भल्याभल्यांचा गोंधळ उडतो. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी १९६९ मध्ये चंद्रावर परावर्तक ठेवले होते, त्यांच्यावर लेझर मारून तो परत यायला किती वेळ लागतो (साधारण अडीच सेकंद) ते मोजतात, त्यातूनच कळलं की चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय.

ही ऊर्जा येते पृथ्वीच्या गिरकीतून, म्हणून आपला दिवस हळूहळू लांबतोय, शतकाला साधारण २ मिलिसेकंद. याचा मला सगळ्यात आवडणारा पुरावा आहे प्रवाळांचा. प्रवाळाच्या अंगावर रोजच्या वाढीच्या बारीक रेघा उमटतात, जीवाश्मांचे अभ्यासक जॉन वेल्स यांनी जवळपास ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवर त्या मोजल्या तर एका वर्षाच्या सुमारे ४०० भरल्या! १९६३ मध्ये त्यांनी हे छापलं. वर्ष तेवढंच, पण त्यात दिवस ४००, म्हणजे तेव्हा दिवस जेमतेम २२ तासांचा होता, आणि हे समुद्रातल्या एवढ्याशा जीवाने लिहून ठेवलंय.

आता फोबोस. मंगळाची गिरकी २४ तास ३७ मिनिटांची, पण फोबोस पृष्ठभागापासून फक्त ६,००० किलोमीटरवर आहे आणि ७ तास ३९ मिनिटांतच फेरी संपवतो, म्हणजे मंगळावर उभं राहिलं तर तो पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळताना दिसेल. इथे फुगवटा (मंगळावर समुद्र नाही, पण जमीनही किंचित फुगते) फोबोसच्या मागे पडतो आणि त्याला मागे खेचतो, मग ऊर्जा जाते आणि कक्षा लहान होते. शतकाला जवळजवळ १.८ मीटर. अंदाजे ५ कोटी वर्षांत तो एकतर मंगळावर आदळेल नाहीतर त्याआधीच तुटून मंगळाभोवती त्याचं कडं होईल. मंगळाचाच दुसरा चंद्र डीमोस मात्र ३०.३ तासांत फेरी मारतो, गिरकीपेक्षा सावकाश, म्हणून तो आपल्या चंद्रासारखा लांब सरकतो.

चंद्र निसटणार नाही. पृथ्वीचा दिवस आणि चंद्राची फेरी सारखी झाली की हे लांब जाणं थांबेल, पण त्याला इतका काळ लागेल की त्याआधीच, साधारण ५०० कोटी वर्षांनी, सूर्य फुगून लाल राक्षसी तारा होईल. खग्रास सूर्यग्रहण मात्र बरंच आधी बंद होईल. आज चंद्र सूर्याला जेमतेम झाकतो, सुमारे ६० कोटी वर्षांनी तो तेवढा मोठा दिसणारच नाही, मग उरेल ती फक्त कंकणाकृती आणि खंडग्रास ग्रहणं.